नोंद वाचल्याशिवाय होकार नको

जळगाव-धुळ्यात जुनी गाडी घेणारा माणूस आधी आपल्या मिस्तरीला गाठतो. ‘भाऊ, गाडी कशी शे?’ या प्रश्नाला आपण बॉनेट उघडून, आवाज ऐकून, डिपस्टिक पुसून पाहून आणि हायवेवर एक फेरी मारून उत्तर देत आलो. स्विफ्ट-बोलेरोला ते बऱ्याच अंशी पुरते. स्पोर्ट्‌स कारला पुरत नाही. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या दिल्लीत चालवण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, तेव्हापासून तिकडची महागडी गाडी स्वस्तात दिसली की इकडच्या गिऱ्हाईकाचा जीव तिच्यात अडकतो. केळीच्या किंवा सोन्याच्या व्यापारातला तरुण पोर्शे बघून येतो आणि ‘एकदा नजर टाका’ म्हणतो. ती नजर इंजिनच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, टाकायची असते.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत सर्वात मोठा घात एका चुकीच्या गिअरने होतो. समजा, तिसऱ्यात ६,५०० आरपीएमवर गाडी आहे. चौथा टाकायला गेला आणि दुसरा पडला. तिसऱ्याचे प्रमाण १.६ आणि दुसऱ्याचे २.३ धरले, तर क्लच सोडताच इंजिन ९,३०० च्या वर जाते. रेव्ह लिमिटर इथे काहीच करू शकत नाही. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो, पण इंजिनला आता चाके फिरवत असतात. फिरत्या भागांवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७,२०० चे ९,००० झाले तर वेग सव्वापट आणि ताण दीडपटीहून जास्त. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, पिस्टन व्हॉल्व्हला भिडू शकतो, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जातात. त्यानंतरही इंजिन महिनोन्‌महिने गोड आवाजात चालू शकते. म्हणून कानावर भरवसा नको.

इंजिन मर्यादेच्या किती वर फिरले ते पोर्शेचा ईसीयू लिहून ठेवतो. जुन्या ९९६ मॉडेलमध्ये दोन टप्पे आहेत. पहिला लिमिटरला लागल्याचा, दुसरा त्याच्याही वर गेल्याचा. २००९ च्या सुमाराच्या दुसऱ्या पिढीच्या ९९७ मॉडेलपासून सहा टप्पे आले. प्रत्येक टप्प्यापुढचा आकडा म्हणजे त्या पट्ट्यात झालेल्या ठिणग्यांची मोजणी. इथे आपले लोक घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात, म्हणून हिशेब पक्का करा. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला तीन ठिणग्या. ७,५०० आरपीएमला सेकंदाला १२५ फेरे, म्हणजे ३७५ ठिणग्या. पहिल्या टप्प्यात ३,००० दिसले तर ते सारे मिळून आठेक सेकंद झाले. लिमिटरला लागलेली गाडी म्हणून ती टाकू नये. वरच्या टप्प्यात मात्र १५० दिसले, तरी गिअर चुकल्याची ती साक्ष आहे.

आकड्याइतकाच त्याच्याजवळचा तास महत्त्वाचा. इंजिन एकूण १,२०० तास चाललेले आणि वरच्या टप्प्याची शेवटची नोंद ३०० व्या तासाची असेल, तर त्यानंतर ते ९०० तास टिकले आहे. नोंद १,१९० व्या तासाची असेल, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट झाल्याशिवाय, सिलिंडरमध्ये कॅमेरा सोडल्याशिवाय आणि ऑइल फिल्टर कापून धातूचा चूर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच तासांवरून मीटरही तपासता येते. ४८,००० किलोमीटर आणि १,२०० तास, म्हणजे सरासरी ताशी ४०, पटण्यासारखे. तेवढेच किलोमीटर आणि ३,२०० तास, म्हणजे ताशी १५. अशा वेळी मीटर मागे फिरवल्याचा संशय धरून सर्व्हिसचे कागद मागा. ट्रॅक्टरच्या तासमीटरवर रोज नजर ठेवणाऱ्या आपल्या कारागिरांना हा हिशेब नवा नाही. आणि जुन्या गाडीत सगळेच आकडे शून्य दिसले तर आनंदू नका. ईसीयू बदललेला असू शकतो. त्यातला चासी नंबर आरसी बुकाशी जुळवून पाहा.

अडचण यंत्राची आहे. साध्या ओबीडी स्कॅनरवर या नोंदी दिसत नाहीत. त्यासाठी कंपनीचे किंवा खास पोर्शेसाठीचे यंत्र लागते. आणि कंपनीचे केंद्र खान्देशात नाही. गाडी मुंबईत असेल तर व्यवहार ठरण्याआधीच तिथे तपासून घ्यायला सांगा. ती धुळ्याला आणून मग पाहू म्हणणे उलटे आहे. साधा स्कॅनरही अगदीच निरुपयोगी नाही. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हे तो बहुतेक गाड्यांत दाखवतो. तो आकडा ‘१२’ असेल, तर विकणाऱ्याने नुकतेच कोड पुसल्याचा संशय धरा.

आता मनाला लागलेली गोष्ट. गाडी पास केल्याबद्दल विकणाऱ्याकडून हजार-दोन हजार घेण्याची पद्धत आपल्या धंद्यात आहे. ती बंद झाली पाहिजे. ज्याने पैसे दिले त्याच्याच बाजूने बोलण्याचा मोह होतो, आणि गिऱ्हाईक तर आपल्या शब्दावर आयुष्याची कमाई लावते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवावी लागते. त्या वहीत इंजिनवर काय गुदरले ते येत नाही. ते सांगणारे आपणच आहोत.

म्हणून आमची विनंती आहे. तपासणीची फी गाडी घेणाऱ्याकडूनच घ्या आणि ती आधी सांगा. ईसीयूच्या नोंदीची छापील प्रत, तारीख आणि सही घालून, फॉर्म २९ व ३० वर सह्या होण्यापूर्वी त्याच्या हातात ठेवा. नोंद वाचता आली नसेल, तर इंजिनबद्दल मत देता येत नाही असे त्याच कागदावर लिहून द्या.