खोडदची दुर्बीण आणि नारायणगांवची ढोलकी

दर वर्षीं २८ फेब्रुवारीस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनीं, आमच्या शाळेंतील मुलें खोडदला जातात. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या आवारांत विज्ञानाचें प्रदर्शन भरतें. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शाळा आपापले प्रयोग मांडतात, आणि एरव्हीं निवांत असणाऱ्या त्या माळावर जत्रा फुलते. या खेपेस आम्हीहि मुलांबरोबर होतों. आंत शिरण्यापूर्वीं सर्वांस मोबाईल बंद करावयास सांगितलें. तेव्हां आठवीच्या वर्गांतील एका मुलानें विचारलें, "सर, दुर्बीण पाहते ना? मग आपल्या फोननें तिचें काय बिघडतें?" त्याला उत्तर देतांना जे विचार सुचले ते घरीं आल्यावरहि आमची पाठ सोडीनात, तेच येथें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों.

ही दुर्बीण पाहत नाहीं, ऐकते, असें म्हटलें तर अधिक शोभेल. अर्थात् 'ऐकते' हा शब्दहि अलंकारिकच. रेडिओलहरी म्हणजे ध्वनि नव्हे. प्रकाशाचींच तीं लांब लहरींचीं भावंडें. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत दाटीनें आहेत, व उरलेल्या १६ तीन फांद्यांवर दूरवर पसरल्या आहेत. टोकांच्या तबकड्यांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. साऱ्या मिळून एकच यंत्र होतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकारानें तें उभें राहिलें. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन व खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. म्हणून त्यांनीं पोलादी तारांची बारीक जाळी दोरांच्या आधारानें ताणून बसविली. वारा आरपार निघून जातो आणि लहर मात्र अडते. आमच्याकडील शेतकऱ्यास ही युक्ति समजावून सांगावी लागत नाहीं. द्राक्षाचा मांडव तारांवर कसा तोलतात हें तो जाणतो.

हें स्थळ निवडण्याचें एक मोठें कारण येथील शांतता हें होय. पुणें जवळ, आणि भोंवतालच्या डोंगरांमुळें शहरी यंत्रांच्या रेडिओगोंगाटास आडोसा. २०२३ सालच्या आरंभीं एक वार्ता प्रसिद्ध झाली. फार दूरच्या एका दीर्घिकेंतील हायड्रोजन वायूपासून निघालेली लहर खोडदच्या तबकड्यांनीं टिपली होती. ती तेथून निघाली त्यास सुमारें ८८० कोटी वर्षें झालीं. आमच्या पृथ्वीचें वय अवघें ४५० कोटींच्या घरांत. म्हणजे ती लहर वाटेस लागली तेव्हां तिचें स्वागत करणारें घरच मुळीं बांधलें गेलें नव्हतें! इतका प्रवास करून आलेला तो क्षीण निरोप जवळच्या एखाद्या मोबाईलनें किंवा विजेच्या तारेवरील ठिणगीनें बुडून जाऊं शकतो. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच होतें. परंतु आमच्या मनांत त्यामागून ढोलकी वाजूं लागली.

कारण या माळापासून नारायणगांव फार दूर नाहीं, आणि नारायणगांव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्राच्या सुमारास तेथें फडमालकांच्या राहुट्या पडतात व गांवोगांवचे लोक येऊन आपल्या जत्रेसाठीं सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५–२००२) याच गांवच्या नांवानें महाराष्ट्रभर गाजल्या; तमाशा क्षेत्रांतील राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नांवें दिला जातो. आमच्या लहानपणीं मात्र आमच्यासारख्या घरांत तमाशाचें नांव काढणें हा अपराध गणला जाई. वडिलांची बंदी होती खरी. पण ढोलकीच्या नादास कुंपण कोण घालणार? उन्हाळ्याच्या रात्रीं ओट्यावर पडल्या पडल्या दूरच्या जत्रेंतील थाप ऐकूं येई, आणि आम्ही झोपेचें सोंग घेऊन ती ऐकत असूं. वडीलहि जागेच असत, हें पुष्कळ वर्षांनीं त्यांच्याच तोंडून कळलें.

आजोबांच्या पिढीनें तमाशा कर्ण्याविना ऐकला. टेंभ्यांचा उजेड, ढोलकी, हलगी, तुणतुणें, आणि मुख्य गाणाऱ्याच्या मागें उभे राहून झील धरणारे सुरत्ये. हे सुरत्ये कशासाठीं? मुख्य आवाज दमला तरी सूर खालीं पडूं नये व तो शेवटच्या माणसापर्यंत पोंचावा, यासाठीं. पण तेवढ्यानें भागत नसे. हजार माणसांनीं गप्प बसावें लागे. गप्प न बसल्यास ज्याचें त्यालाच ऐकूं येत नसे, म्हणून शेजारी शेजाऱ्यास दटावी. म्हणजे अर्धी कला फडावर आणि अर्धी समोरच्या मातींत बसलेली असे.

कर्णा आला आणि श्रोत्यावरील ही अट उठली. आतां त्यानें बोलावें, उठावें, फोनवर सौदा करावा. आवाज कानीं पडणारच. कर्ण्याची निंदा करणें सोपें आहे, व आम्हीं ती वर्गांत पुष्कळदां केलीहि आहे. परंतु मागें उभ्या राहणाऱ्या बायकांस व कमी ऐकूं येणाऱ्या म्हाताऱ्यांस त्यानेंच प्रथम शब्द स्पष्ट ऐकविला, हें विसरूं नये. दुःख इतकेंच कीं, बोलणाऱ्याची शक्ति वाढली तसतसें ऐकणाऱ्याचें अंग सुटत गेलें. आतां वरातीपुढें भिंती हादरविणाऱ्या पेट्या चालतात. रात्रीं १० ते सकाळीं ६ ध्वनिवर्धकास बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत. परीक्षेच्या दिवसांत ते किती पाळले जातात, हें दहावीच्या मुलांच्या आयांस विचारावें.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आमचीच गोष्ट सांगतों. गेल्या स्नेहसंमेलनांत एक मुलगी गात होती. भाड्याचा मोठा ध्वनिवर्धक आणावा हा हट्ट आमचाच. पहिल्या कडव्यानंतर वीज गेली. मुलगी थांबली नाहीं. कथेंत असें घडतें तेव्हां सभा स्तब्ध होते. आमच्या सभेंत तसें कांहीं झालें नाहीं. पहिल्या चार रांगांनीं ऐकलें. मागें गलका उसळला, फोनचे दिवे लागले, आणि 'शांत बसा, शांत बसा' म्हणून सर्वांत मोठ्यानें ओरडत होतों ते आम्ही शिक्षक! गाणें संपलें तें कोणास कळलेंहि नाहीं. मुलगी खालीं उतरून आईजवळ जाऊन बसली. तिच्याकडे पाहण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. खोडदच्या माळावर मोबाईल बंद करतांना आम्हांस पहिली आठवण झाली ती तिची.

आतां दुसरी, जराशी कडू बाजू. पुणें-नाशिक रेल्वेची आधींची आखणी नारायणगांवाजवळून होती. दुर्बिणीच्या कामांत रेल्वेनें अडथळा येईल म्हणून ती आखणी सोडून दुसरा मार्ग घेतला जाईल, असें २०२५ सालीं रेल्वेमंत्र्यांनीं सांगितलें. दोन्ही तालुक्यांत त्यावरून नाराजी उसळली, आणि ती आम्हांस अवाजवी वाटत नाहीं. टोमॅटो व कांदा घेऊन चाकणच्या कोंडींत जो अडकला आहे, त्याला ८८० कोटी वर्षांपूर्वींची लहर सांगून काय उपयोग? त्याचा माल उद्यांच नासणार. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. तसा निवांत माळ पुन्हां मिळणेंहि कठीण. म्हणून तिची शांतता राखली जावी याच मताचे आम्ही आहों. परंतु जें मौन साऱ्या जगाच्या ज्ञानासाठीं पाळावयाचें, त्याची किंमत दोन तालुक्यांनींच कां भरावी? रेल्वे नाहीं तर चांगला रस्ता, मालासाठीं शीतगृहें, दुसरी कांहींतरी भरपाई सरकारनें द्यावी. आणि दुर्बिणीनें काय ऐकलें तें वर्षांतून एका दिवसाऐवजीं चार वेळां, खोडदच्या पारावर बसून, शेतकऱ्यास समजेल अशा मराठींत कोणीतरी सांगावें. त्याचेंहि म्हणणें त्याच पारावर ऐकून घ्यावें. आकाशांतील कुजबूज ज्यांस टिपतां येते, त्यांस हें जड जाऊं नये.

आमच्या हातीं रेल्वे नाहीं, संमेलन आहे. येत्या संमेलनांत एक पोवाडा व दोन गीतें ध्वनिवर्धकाविना व्हावयाचीं आहेत. रंगमंच जुन्या इमारतीच्या भिंतीस लागून घालूं, म्हणजे आवाज मागें न जातां पुढें येईल. आणि बांकें अर्धवर्तुळांत मांडूं. झील धरण्यासाठीं सहावीचीं सहा मुलें निवडलीं आहेत. मागल्या रांगांतील पालकांनीं शब्द ऐकूं आले कीं नाहीं तें दुसऱ्या दिवशीं मुलांबरोबर चिठ्ठीनें कळवावें. त्या मुलीनेंहि पुन्हां गाण्याचें कबूल केलें आहे. तिची अट एकच आहे: शिक्षकांनीं 'शांत बसा' म्हणून ओरडूं नये.