घोलवडचं नाव सगळ्यांचं, पाकिटावरचं नाव फक्त तुमचं!



डहाणू-तलासरी पट्ट्यातून ट्रेडमार्कबद्दल विचारणा आली की तिचा सूर बहुतेक वेळा एकच असतो. "सर, चिकू चिप्स सुरू करतोय. 'घोलवड चिकू' हे नाव माझ्या नावावर करून घ्यायचंय." किंवा, "आमचा बचत गट वारली पेंटिंगच्या पिशव्या बनवतो. 'वारली आर्ट' रजिस्टर होईल का?"

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या नावांच्या मागे लागू नका. ती तुम्हाला मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. पण म्हणून ट्रेडमार्क सोडूनही देऊ नका. तुम्हाला दोन नावं लागतात: एक गावाचं, एक तुमचं. दोघांचे कायदे वेगळे, कागद वेगळे.

गावाचं नाव: जीआय

'वारली चित्रकला' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. त्यासाठी अर्ज केला होता आपल्या डहाणूतल्याच आदिवासी युवा सेवा संघाने. 'डहाणू घोलवड चिकू'ला ते २०१६-१७ मध्ये मिळालं, महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावाने. घोलवडच्या मातीत कॅल्शियम जास्त आहे आणि त्यामुळे इथल्या फळाची गोडी वेगळी, हा त्यामागचा आधार.

जीआय म्हणजे सामाईक विहीर. पाणी भरायचा हक्क त्या भागातल्या प्रत्येक खऱ्या उत्पादकाला, पण विहिरीला कुलूप लावायचा हक्क कुणालाच नाही. म्हणून एखादा एजंट "पैसे द्या, घोलवड नाव तुमचं करून देतो" म्हणाला तर सावध व्हा. माल ज्या ठिकाणचा आहे त्या ठिकाणाचं नुसतं नाव ट्रेडमार्क कायदा एका माणसाला सहसा देत नाही. आणि जीआय असलेलं नाव बाहेरच्या मालावर कुणी ट्रेडमार्क म्हणून मागितलं, तर ते नाकारायची तरतूद जीआय कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. हे तुमच्या फायद्याचंच आहे बघा. उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने 'घोलवड' एकटीच्या नावावर केलं असतं, तर तुमच्या वाडीतला चिकू तुम्ही कोणत्या नावाने विकला असता?

पण विहिरीवर नुसता हक्क असून चालत नाही, बादली घेऊन जावं लागतं. जीआयमध्ये 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून प्रत्येक उत्पादकाला वेगळी नोंद करता येते. अर्ज संघाला बरोबर घेऊन करायचा, नोंदणी चेन्नईच्या जीआय कार्यालयात होते. २०२० च्या नियमबदलानंतर त्याची सरकारी फी फक्त १० रुपये आहे. दहा रुपये! आपल्याकडे जीआय मिळालं की सत्कार होतात, पेपरात फोटो येतात. मग पाकिटावर, पिशवीवर, चित्राच्या मागे त्याची खूण का दिसत नाही? बाहेरचा माल आपल्या नावाने खपतो म्हणून ओरडण्याआधी, खरा माल कोणता हे गिऱ्हाईकाला ओळखता येईल असं आपण काही केलंय का?

एक बारकावा लक्षात ठेवा. हे मानांकन फळाचं आहे. चिप्स, पावडर, बर्फी हा प्रक्रिया केलेला माल. त्यावर जीआयचं चिन्ह छापण्याआधी संघाला विचारा. "घोलवडच्या चिकूपासून बनवलेले" असं खरंखुरं वाक्य मात्र अभिमानाने लिहा.

तुमचं नाव: ट्रेडमार्क

आता बोर्डीच्या चिकू महोत्सवात दहा स्टॉल आहेत असं समजा. दहाही घोलवडच्याच चिकूचे चिप्स विकतात. गिऱ्हाईकाला तुमचेच आवडले. पुढच्या महिन्यात तो मुंबईतून फोन करून काय मागणार? "ते घोलवडचे चिप्स" म्हणाला तर ऑर्डर कुणालाही जाईल. तुमच्या नावाने मागितले तरच ती तुमच्याकडे येईल. गाव गिऱ्हाईकाला स्टॉलपर्यंत आणतं, परत आणतं ते तुमचं नाव.

मग नाव कसं निवडायचं?

मालाचं वर्णन करणारं नाव नको. 'गोड चिकू', 'शुद्ध चिप्स' कुणीही म्हणू शकतो. देवाचं नाव ठेवायची आपली पद्धत आहे, पण डहाणूत 'महालक्ष्मी' नावाची दुकानं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. श्रद्धा मनात ठेवा, पाकिटावर वेगळा शब्द घ्या. मालाशी थेट संबंध नसलेला शब्द सगळ्यात मजबूत. उदाहरणार्थ, 'तारपा' हा शब्द वारली चित्रांसाठी कमकुवत, कारण तारपा त्या चित्रांतच असतो. चिप्ससाठी तोच शब्द वेगळा उठून दिसतो. अर्थात तो आधीच कुणी घेतलाय का, हे तपासायलाच हवं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर हा शोध फुकट आहे. मराठी, इंग्रजी दोन्ही स्पेलिंगने शोधा आणि उच्चाराने सारखी वाटणारी नावंही बघा.

नाव मोकळं असेल तर अर्ज. काही आकडे लिहून घ्या:

- एक व्यक्ती किंवा छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये. वकिलाची फी वेगळी. छोटा उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र तयार ठेवा.
- वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. ताजा चिकू ३१, चिकू चिप्स २९, मिठाई ३०, कागदावरचं चित्र १६, कपडे २५. चुकीच्या वर्गात नोंदलेलं नाव म्हणजे दुसऱ्याच्या घराला लावलेलं कुलूप.
- तपासणी अहवालात आक्षेप आला तर उत्तराला एक महिना मिळतो. अर्जात स्वतःचा, रोज बघता असाच ईमेल द्या. एजंटचा नको.
- जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध करता येतो.
- नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. पुढे नूतनीकरण करत राहायचं.

अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लिहू शकता. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी छापलात तर कायदा तुमच्यावरच उलटेल.

"सर, आमच्याकडे लायसन्स आहे ना!"

इथे बरेच जण फसतात. एफएसएसएआय, उद्यम, जीएसटी, दुकानाची नोंद, हे सगळं धंदा करायला लागतं. यातलं काहीही ब्रँडच्या नावाचा हक्क देत नाही. हक्क मिळतो ट्रेडमार्क नोंदणीने, किंवा आधीपासून केलेल्या वापराने. नोंदणी नसली तरी आधीपासून सलग वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, पण पुरावा तुम्हाला दाखवावा लागतो. म्हणून पहिलं बिल, पहिलं लेबल, स्टॉलची पावती आजपासून एका फाइलमध्ये लावा. तलासरीच्या आठवडी बाजारात विकता? तरी बिलबुक करा.

बचत गटांना खास सांगतो. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे आधी ठरावात लिहा. सोय म्हणून एका ताईंच्या नावाने केला आणि उद्या त्या वेगळ्या झाल्या, तर नाव त्यांच्याबरोबर जाईल. दहा जणींची मेहनत राहील बिननावाची.

कागदावर नाव कुणाचं, हे शेवटी मोजलं जातं

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्र पेटून उठला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय आहे. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती फेटाळली गेली, कारण याचिका करणारे त्या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. राग खरा होता, पण दाद मागायची जागा कागदावर ज्यांचं नाव त्यांची.

आपल्या भागाला याचा अर्थ नीट कळायला हवा. जिव्या सोमा म्हशे यांनी गंजाडच्या पाड्यावरून वारली चित्रकला जगभर नेली, पद्मश्री मिळवली. आज तीच चित्रं मशीनवर छापून कपांवर, पडद्यांवर विकली जातात. त्यात पाड्यावरच्या हाताला किती मिळतं? कलेला नाव मिळालं. ती काढणाऱ्या हातांना अजून मिळायचंय. सामाईक जीआय संघाने राखायचा, आणि स्वतःची सही, स्वतःचा ब्रँड तुम्ही.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तीन नावं काढा, तिन्ही वेबसाइटवर शोधा, पहिल्या बिलाची फाइल उघडा, आणि आपल्या संघाकडे अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाची चौकशी करा. लेबलांचा हजाराचा गठ्ठा छापायला टाकाल, तो या चार गोष्टी झाल्यावरच!