आमच्या नळाचे पाणी कोण तपासणार?

आमच्या वस्त्यांमध्ये सर्वेक्षण करणाऱ्यांची कधीच कमतरता नसते. कोणी फॉर्म भरून नेतो, कोणी फोटो काढतो, कोणी आमच्या गरिबीवर पीएच.डी. मिळवतो. समाजशास्त्र शिकताना आम्ही असे कितीतरी प्रबंध वाचले. त्यांत आपली माणसे होती, पण फक्त 'उत्तरदाते' म्हणून. प्रश्न त्यांनी ठरवला नव्हता आणि निष्कर्षही त्यांच्यापर्यंत कधी परत आला नाही.

सध्या 'नागरिक विज्ञान' या कल्पनेची चर्चा आहे. वैज्ञानिक नसलेल्या माणसांनी निरीक्षणे नोंदवायची, मोजमाप करायचे, संशोधनात भाग घ्यायचा. अमेरिकेत १९०० सालापासून नाताळच्या दिवसांत सामान्य लोक पक्षी मोजतात. आपल्याकडेही ईबर्डवर पक्ष्यांच्या आणि सीझनवॉचवर झाडांच्या नोंदी होतात. या कामाला आमचा विरोध नाही. पण ज्याच्या दारातून गटार वाहते त्याने आधी काय मोजायचे, हा आमचा सवाल आहे.

अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराचे उदाहरण घ्या. वस्ती सुमारे एक लाख, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या कारभारात, एप्रिल २०१४ मध्ये, पैसे वाचवण्यासाठी शहराला फ्लिंट नदीचे पाणी सुरू झाले. पाण्याला रंग आणि वास येऊ लागला, लोकांच्या अंगावर पुरळ उठले. अधिकारी मात्र पाणी सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. शेवटी २०१५ मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांना सोबत घेतले, घरोघरी बाटल्या वाटल्या आणि अडीचशेहून अधिक नमुने जमवले. दहातल्या एकाहून अधिक घरांत शिसे कारवाईच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. सरकारी तपासणीत नमुना घेण्याआधी नळ वाहू द्यायला सांगितले जात होते, म्हणजे शिसे आधीच वाहून जाई! त्याच सुमारास डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी मुलांच्या रक्तात वाढलेले शिसे दाखवून दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला जुना पाणीपुरवठा परत मिळाला.

हे आपल्याला नवे वाटण्याचे कारण नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा आमच्याकडे नाहीच, असे राज्य सरकारे न्यायालयात सांगत होती. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून कोरड्या संडासांच्या नोंदी व फोटो पुरावा म्हणून ठेवले. २०१४ च्या निकालाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या साथींनी केले ते संशोधनच होते. विद्यापीठाने त्याला संशोधन म्हटले नाही, एवढेच.

आता महाडकडे या नजरेने पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. पाणी शुद्ध की अशुद्ध हे तपासणी ठरवत नव्हती, जात ठरवत होती. तपासणीच्या बाटलीला जात कळत नाही. पण बाटली कोणाच्या हातात आहे, यावर कोणत्या नळाचा नमुना घेतला जाईल हे ठरते.

म्हणून गावात थेट विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण? त्यांत बौद्धवाड्यातली, मातंग वस्तीतली, पारधी पालावरची एक तरी आहे का? जलसुरक्षक ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर करतो की शेवटच्या नळावरही? टाकीजवळ क्लोरीन सापडते आणि शेवटच्या नळाला सापडत नाही, असे होऊ शकते. आणि बहुतेक गावांत शेवटचा नळ कुणाच्या वस्तीत असतो, हे आपल्याला सांगायला नको.

काही मित्र म्हणतील, अत्याचार, आरक्षण, नोकऱ्या सोडून हे कुठले पाणी तपासणे? पण दूषित पाण्याने मूल दगावते तेव्हा त्याची अत्याचार म्हणून नोंदही होत नाही. तिकडे अधिकारी म्हणतील, अडाणी माणसांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? याला उत्तर घोषणेने देता येत नाही, शिस्तीने द्यावे लागते. प्रत्येक नमुन्याची तारीख, वेळ, जागा, कोणी घेतला, रंग काय आला, हे वहीत लिहा, फोटो ठेवा. वाईट निकालासोबत चांगला निकालही लिहा. शंका आली की तोच नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. एक फुगवलेला आकडा दहा खरे आकडे बुडवतो.

संस्था आणि विद्यापीठे सहभागासाठी आमच्याकडे येतील तेव्हा आमच्या तीन अटी राहतील. प्रश्न ठरवताना वस्ती बसलेली असेल. आकड्यांची एक प्रत वस्तीकडे राहील, मराठीत. आणि दिवस मोडून काम करणाऱ्याला मोबदला मिळेल. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, कारण हक्काच्या नावाखाली राबवून घेणे त्यांना मान्य नव्हते. विज्ञानाच्या नावाखालीही वेठबिगार नको.

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-अ नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते भाषणात सांगून पुरे होत नाही. येत्या ग्रामसभेत पाणी तपासणीचे रजिस्टर मागा, आपल्या वस्तीच्या नळाची नोंद शोधा. नसेल तर पहिली नोंद आपण करू.

जय भीम!