मासे नव्हे, पाणी पाळायचं

घरात फिशटँक असला की येणारा पाहुणा साधारण तीन प्रश्न विचारतो. पहिला, "हे खायचे का?" विचारतो आणि स्वतःच मोठ्यांदा हसतो. दुसरा, "वास्तूसाठी ठेवलेत का?" आणि तिसरा, आमच्या धाराशिवकडचा खास, "इथं माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही मासे पाळता व्हय?"

पहिल्या प्रश्नाला आपणही हसायचं आणि चहा पुढे करायचा. आमच्या भागात मासा म्हणजे रोहू, कटला, मरळ नाहीतर उजनीचा चिलापी. मासा ही कालवणाची वस्तू, बघायची नव्हे, असंच आम्ही लहानपणापासून शिकलेलो. दुसऱ्याकडे नंतर येतो. तिसरा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारणारा माणूस टोमणा मारत असेलही, पण त्याच्या मागे बरेच उन्हाळे उभे असतात.

आमच्या जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण पाण्याचं रडगाणं तेच राहिलं. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या वर्षी आमच्याकडेही टँकरमागे पळणारी माणसं होतीच, फक्त रेल्वे नव्हती. धाराशिव शहरात आज जे पाणी येतं ते शंभराहून जास्त किलोमीटर दुरून, भीमेवरच्या उजनी धरणातून. इतक्या लांबून आलेलं पाणी काचेच्या पेटीत भरून त्यात रंगीत मासे सोडायचे, ही चैन नाही का?

माझं मत, नाही. पण ते पटवायचं तर आधी हिशोब मांडायला हवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा मध्यम टँक घ्या. काठोकाठ भरला तर त्यात सुमारे 56 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पन्नास धरा. हे पाणी एकदाच भरायचं. नंतर आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचा, म्हणजे दहा लिटर. एक बादली. आता स्वयंपाकघरात जा. तिथे भिंतीवर आरओचं यंत्र असेल, तर ते एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. घरात दिवसाला दहा लिटर पिण्याचं पाणी काढलं तर वीस-तीस लिटर बाहेर. म्हणजे टँकला दोन-तीन आठवडे पुरेल इतकं पाणी एका दिवसात जातं, आणि त्याच्याबद्दल कुठलाही पाहुणा आजवर बोललेला नाही.

बरं, टँकमधून काढलेली ती बादली वाया जाते का? तर तेही नाही. त्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांचं खाणं. आमच्याकडे रविवारची बादली तुळशीला, जास्वंदीला आणि कढीपत्त्याला जाते. एकच पाणी दोनदा वापरलं जातं.

हा झाला लिटरचा हिशोब. पण माझा खरा मुद्दा लिटरचा नाही. मासे पाळणं असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात माणूस पाळतो ते पाणी. मासे त्यात आपले आपण राहतात. आणि पाणी पाळायला शिकवणारा छंद आमच्यासारख्या कोरड्या भागात चैन कसा होईल? तो तर इथे जास्त शोभतो.

टँकच्या आत काय चालतं बघा. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने निरुपद्रवी. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून एकाच दिवशी टँक, वाळू, प्लास्टिकचं झाड आणि बारा मासे आणले की आठवड्याभरात मासे उलटे का तरंगतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. "आमच्याकडे मासे टिकतच नाहीत" म्हणणाऱ्या घराकडे मासे नाही, पाणी टिकलेलं नसतं. काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी विषारी असू शकतं, हे एकदा कळलं की माणूस हांड्याकडे आणि टाकीकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

दुसरा धडा जड पाण्याचा. आमच्याकडे बहुतेक बोअरचं पाणी क्षाराचं. बादलीला पांढरा थर, गीझरला थर, नळाच्या तोटीला थर, डाळ शिजता शिजत नाही. पुण्या-मुंबईची मासे पाळणारी मंडळी अॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले डिस्कस आणि निऑन टेट्रा ठेवतात, त्यांचे फोटो बघून आमच्याकडची पोरंही तेच मागतात. मग त्या माशांसाठी पाणी बदलण्याच्या नाना खटपटी. कशाला? गप्पी, मोली, प्लॅटी या माशांना जड पाणीच मानवतं. बोअरचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं आणि सकाळी घालायचं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते पूर्ण एक दिवस ठेवायचं. जे पाणी आपल्याकडे आहे त्याला मानवेल तो मासा पाळायचा, माशासाठी पाणी आणायला जायचं नाही. कोरड्या रानात ऊस लावायचा का ज्वारी, हा वाद ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं चालतो, तिथे हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये :-)

उन्हाळा आला की तिसरा धडा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. म्हणून टँकमध्ये मावतील तितके नव्हे, मे महिन्याच्या दुपारी लाइट नसताना जगतील तितकेच मासे ठेवायचे. आणि वाफ होऊन पाणी कमी झालं म्हणून नुसती वरून भर घालत राहायचं नाही. उडतं ते पाणी, क्षार खालीच राहतात आणि घट्ट होत जातात. थोडं काढून मगच नवं घालायचं.

आता घराबद्दल. आमच्याकडे हा छंद कुणा एकाचा नाही. आणि छंद सगळ्यांचा असला की पहिलं भांडण खाण्यावरून होतं. मराठी घरात प्रेम म्हणजे खाऊ घालणं. "घे की अजून एक भाकरी" हे आमचं प्रेमाचं वाक्य. माशांनाही ते लागू झालं. सकाळी मी चिमूटभर टाकायचो, दुपारी बायको, संध्याकाळी लेक, आणि आई तर येताजाता. मासेही लबाड, माणूस दिसला की काचेला येऊन चिकटतात. आई म्हणायची, "उपाशी हैत रे लेकरं, बघ कशी तोंड वासतेत." पण दोन-तीन मिनिटांत संपेल त्याहून जास्त टाकलेलं खाणं तळाला जाऊन कुजतं, आणि पुन्हा तोच अमोनिया. उपाशी ठेवून मेलेले मासे फारच थोडे. जास्त खाऊ घालून मेलेले कितीतरी.

शेवटी वाटणी झाली. खाणं फक्त आई घालणार, दिवसातून एकदा. बादली माझी. फिल्टरचा स्पंज बायकोकडे, आणि तो नळाखाली नव्हे, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे त्यातले जिवाणू मरत नाहीत. लेकीचं काम फक्त बघायचं. कोण कोपऱ्यात बसलंय, कुणाचे कल्ले मिटलेत, कुणाचं पोट फुगलंय, ते सांगायचं. ऐकायला हे काम बिनकामाचं वाटतं, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच. टीव्हीपुढे आम्ही चौघं बसतो तेव्हा चौघं चार ठिकाणी असतो. टँकपुढे एकाला दिसलेलं दुसऱ्याला दाखवावंच लागतं. सामायिक छंदाची माझी व्याख्या एवढीच आहे. प्रत्येकाच्या वाट्याला एक काम यावं, आणि एकाने काम चुकवलं तर दुसऱ्याला ते पाण्यात दिसावं.

आता तो वास्तूचा प्रश्न. आठ सोनेरी आणि एक काळा मासा, उत्तरेच्या भिंतीला, वगैरे. ज्याची त्याची श्रद्धा, मला त्यावर वाद घालायचा नाही. पण "मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने घेतलं" हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. फार सोयीचं वाक्य आहे ते. मासा आपल्या हलगर्जीपणाने मेला, ही गोष्ट त्यात अलगद गायब होते. लहान मुलांना वाढदिवसाला गोल बाउलमध्ये दोन गोल्डफिश देण्याची टूम त्याच जातीची. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो आणि वीतभर वाढतो. बाउलमध्ये तो काही आठवड्यांचा सोबती. जीव सांभाळायला शिकावं म्हणून आपण पोराच्या हातात बाउल देतो आणि प्रत्यक्षात शिकवतो काय, तर मेला की दुसरा आणायचा. इटलीत मोंझा शहराने 2004 मध्ये आणि रोमने 2005 मध्ये अशा गोल बाउलना बंदी घातली, तेव्हा लोक हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ज्या घरात बाई डोक्यावरून हंडे आणते, तिथे जाऊन टँकचं कौतुक सांगू नये. त्या घरासाठी गप्पी आहेत. नाव आपल्या गप्पांवरून आलंय असं वाटतं, पण ते आलं रॉबर्ट गप्पी या त्रिनिदादच्या माणसावरून. त्याने 1866 च्या सुमारास हे मासे लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले होते. आपल्याकडे आरोग्य खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी तेच मासे हौदात, टाक्यांत सोडतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून लोक साठवतात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाक्या रिकाम्या करा, असं सांगतात. ते बरोबरच आहे, पण आठ दिवसांनी मिळालेलं पाणी ओतून द्यायला कुणाचा हात धजेल? अशा वापराच्या हौदात पाच-सहा गप्पी असले की बरंचसं काम होतं. फिल्टर नको, पंप नको. पोरांनी वाकून बघावं, अळ्या गायब कशा होतात ते मोजावं. हाही फिशटँकच, फक्त काच नाही. जुन्या आडात कासव किंवा मासे सोडणाऱ्या आपल्या पणज्यांनाही हेच ठाऊक होतं.

मात्र हे हौदापुरतंच. कंटाळा आला, मासा मोठा झाला, म्हणून तो तेरणेत, बोरीत किंवा गावच्या तलावात सोडणं हे पुण्य नव्हे. 'टँक साफ करणारा' म्हणून दोन इंचांचा सकर विकतात, तो वाढून फूटभराच्या वर जातो, आणि मग लोक 'त्याला मोकळं' करतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा 2020 मध्ये वाराणसीला गंगेत सापडला होता. चिलापीचंच बघा ना. परदेशातला हा मासा 1952 मध्ये अन्न म्हणून भारतात आणला गेला. आज तो धरणाधरणांत इतका आहे की लोकांना तो इथलाच वाटतो. आम्ही पितो ते पाणी उजनीचं, खातो तो चिलापी उजनीचा. एकदा पाण्यात सोडलेली गोष्ट परत काढता येत नाही.

आणि कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण नुसतं बघत बसायला पाणी? त्याला मी नळदुर्गला पाठवीन. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात आमच्याच जिल्ह्यात बोरी नदीवर किल्ल्यात बंधारा बांधला गेला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरून वाहू लागली की दोन्ही अंगांनी धबधबे कोसळतात आणि माणूस आत कोरडा बसून पाणी बघतो. पाणी अडवायचं, आणि अडवलेल्या पाण्याकडे कौतुकाने बघायचं, हे दोन्ही एकाच भिंतीत बसवणारी माणसं इथे होऊन गेली. मला वाटतं, ज्याला पाणी बघायला आवडतं तोच ते जपून वापरतो.

असो. कुणाला सुरुवात करायची असेल तर एवढंच सांगतो. उन्हाळ्यात करू नका. पाऊस पडू द्या, बोअरला पाणी येऊ द्या. टँक आणा, भरा, फिल्टर लावा आणि महिनाभर थांबा. त्यात सुरुवातीला दोन-तीन गप्पी पुरेत, ते पुढचं आपलं आपण बघतात. घरातल्या प्रत्येकाला एकेक काम द्या. आणि पहिल्या रविवारची बादली तुळशीला घालायला विसरू नका.