टर्बो आजी आणि आमची माई

गेल्या वर्षी या सदरात मी चहाच्या रसायनशास्त्रावर लिहिलं होतं. लेख माहितीपूर्ण होता, असं तुमच्यापैकी काहींनी आवर्जून सांगितलं. एका स्पष्टवक्त्या वाचकाने मात्र सांगितलं की, "सर, मुलांनी दुसऱ्याच परिच्छेदात पान उलटलं." म्हणून यंदा मुलांच्याच राज्यात शिरतो. विषय आहे 'दानदादान'.

मुलांना हे नाव सांगावं लागणार नाही. पालकांसाठी सांगतो : तात्सु युकिनोबू यांची ही मांगा २०२१ पासून चालू आहे. सायन्स सारु या स्टुडिओने तिच्यावर काढलेली अ‍ॅनिमे मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, दुसरा सीझन जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. हायस्कूलमधली एक मुलगी, एक मुलगा, भुतं, परग्रहवासी आणि प्रेम, असा सगळा मामला. चौऱ्याहत्तरीचा, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, पीएच.डी. वगैरे माणूस हे बघतो म्हटल्यावर पुण्यातल्या माझ्या कट्ट्यावर दोन मिनिटं शांतता पसरली होती. मग एकाने हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

झालं असं की, दरवर्षीप्रमाणे गेल्या ऑक्टोबरात मी तीन महिन्यांसाठी निशिकासाईला मुलाकडे आलो. नात तेव्हा नुकती सोळाची झाली होती. तिची माझी भाषा आता तीन ठिकाणी तुटते. मी मराठीत विचारतो, ती अर्धं इंग्रजीत सांगते, उरलेलं जपानीत स्वतःशी पुटपुटते. जेवण झालं की खोलीचं दार बंद. एका रात्री तिच्या खोलीतून इतक्या मोठ्याने हसू आलं की मी दार ठोठावलं. "काय बघतेस?" "आबा, तुम्हाला नाही आवडणार." हे वाक्य प्राध्यापकाला आव्हानासारखं असतं. मी बसलो.

गोष्टीची सुरुवातच मला पटली, कारण ती एका वादापासून होते. मोमो नावाची मुलगी भुतं मानते, कारण तिची आजी देवऋषीपण करते. पण परग्रहवासी वगैरे थापा आहेत असं तिचं ठाम मत. शाळेतला एक चष्मिष्ट, एकटा पडलेला, पोरांचा मार खाणारा मुलगा परग्रहवासी मानतो, पण भुतं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा असं त्याचं तितकंच ठाम मत. दोघं पैज लावतात. ती जाते उडत्या तबकड्यांसाठी बदनाम असलेल्या पडक्या इस्पितळात, तो जातो भुतासाठी बदनाम असलेल्या बोगद्यात. आणि दोघंही एकाच रात्री हरतात! तिला परग्रहवासी पकडतात, त्याला भूत झपाटतं. मी चाळीस वर्षं मुलांना प्रयोगशाळेत सांगत आलो की आपलं मत प्रयोगाने खोटं ठरलं तर आनंद मानावा. इतक्या आनंदाने मत बदलणारी जोडी मी पहिल्यांदा पाहिली.

पालकांना एक इशारा द्यायलाच हवा. पहिल्या भागात परग्रहवाल्यांच्या तावडीतल्या मुलीचा जो प्रसंग आहे, तो मला रुचला नाही, आणि तसं मी नातीला सांगितलं. "मलाही नाही आवडला," ती म्हणाली. शिवाय त्या मुलाला झपाटणारी जी 'टर्बो आजी', ती त्याच्या शरीराचा असा भाग पळवते की ज्याचं नाव मी दिवाळी अंकात लिहू शकत नाही. पुढचे कित्येक भाग ही पोरं तोच शोधत हिंडतात. सूनबाई चहा घेऊन आत आल्या आणि नेमका तोच संवाद चालू होता. कोणी काही बोललं नाही. चहा मात्र फार लवकर संपला.

मुलाच्या नावाची एक गंमत आहे. मोमोला आवडतात केन ताकाकुरा, म्हणजे १९३१ ते २०१४ या काळातले तेच ते मोठे नट, कमी बोलणारे, करारी. तिला तसाच पुरुष हवा असतो. आणि या लाजऱ्या, घाबरट पोराचं खरं नाव निघतं केन ताकाकुरा! आपल्याकडे एखाद्या पुस्तकी किड्याचं नाव काशिनाथ घाणेकर निघावं, तसं. ते नाव तोंडाने घ्यायची तिला इतकी लाज वाटते की ती त्याला 'ओकारुन' म्हणू लागते. त्यांचं प्रेम हे असं आहे. शाळेत एकमेकांना दिवसभर शोधायचं आणि समोर आलं की भलतंच काही बोलायचं. हातात हात येतो तो पळताना, मागे भूत लागलेलं असतं म्हणून. आमच्या पिढीत हात हातात यायला तेवढंही निमित्त नव्हतं.

पण मी खिळून राहिलो तो दुसऱ्याच कारणाने. मोमोची आजी सेइको. दिसते तिशीची, बोलते तोडून. तिची शक्ती तिथल्या भूमीच्या देवाकडून आलेली, आणि म्हणून गावाच्या हद्दीतच चालणारी. बोगद्यातलं दुसरं भूत 'जिबाकुरेई', म्हणजे जागेला जखडलेलं. कुठलं भूत कुठल्या शिवेपर्यंत येणार, यावर एक अख्खा पाठलाग रचलेला आहे. मी ताडकन उठून बसलो. अहो, हे तर आमचं राजापूर! गावाची शीव, शिवेवरचा राखणदार, त्याच्यापुढे घातलेलं गाऱ्हाणं. नातीला म्हटलं, "हे आमच्या कोकणातही आहे." तिने व्हिडिओ थांबवला. "कोकणात कुठली भुतं असतात?"

मी सांगू लागलो. लग्नाआधी गेलेला मुंजा, पिंपळावर राहणारा. बाळंतपणात गेलेली हडळ. धनात जीव अडकलेला समंध. वाट चुकवणारा चकवा. पाण्यातला गिऱ्हा. ती बोटावर मोजत होती. मग म्हणाली, "बाबांनी हे कधीच नाही सांगितलं." मी म्हटलं, "त्याला माहीतच नाही." "का?"

याचं उत्तर मी तिला त्या रात्री दिलं नाही. तुम्हाला देतो. त्याला माहीत नाही, कारण मी त्याला सांगितलं नाही. ठरवून. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतला जुना कार्यकर्ता. दाभोलकरांच्या शिबिरांत 'चमत्कारांमागचं रसायनशास्त्र' करून दाखवलेला. २० ऑगस्ट २०१३ च्या त्या सकाळी पुण्याच्या पुलावर काय झालं हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझी मतं तेव्हा होती तीच आज आहेत. मुलगा लहानपणी अंधाराला घाबरला की मी त्याला गोष्ट सांगत नसे, फॉस्फीन वायू समजावून सांगत असे. आता वाटतं, पाच वर्षांच्या पोराला फॉस्फीन!

जपानमध्येही माझ्यासारखा एक गृहस्थ होऊन गेला. इनोऊए एन्र्यो, १८५८ ते १९१९. तत्त्वज्ञ, आजचं तोयो विद्यापीठ ज्यातून वाढलं ती संस्था त्यांनी १८८७ साली काढली. त्याच सुमारास 'कोक्कुरी' नावाच्या, आपल्या प्लँचेटसारख्या खेळाचं वेड पसरलं होतं. त्यात भूत नसून माणसाची अपेक्षा आणि स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचाली आहेत, हे त्यांनी लिहून काढलं. आयुष्यभर गावोगाव व्याख्यानं देत ते भुतं खोडत हिंडले. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'योकाई हाकासे', भुतांचे डॉक्टर. नाकानो भागात त्यांनी उभारलेली तेत्सुगाकुदो ही बाग आहे. मी नातीला तिथे घेऊन गेलो, माझा पक्ष भक्कम करायला म्हणून. लाल रंगाच्या षट्कोनी मनोऱ्यात सहा ज्ञानी पूजलेले, त्यांत आपले नागार्जुन आणि कपिल मुनी. मी खूश! पण प्रवेशद्वारी बघतो तर, देवळात जिथे द्वारपाल उभे असतात तिथे एका बाजूला तेंगू आणि दुसऱ्या बाजूला एक स्त्रीभूत. ज्याने जन्मभर भुतं खोडली, त्याने त्यांनाच दारात जागा दिलेली. हजारो भूतकथा त्यांनी खोडण्यासाठी म्हणून गोळा केल्या आणि त्यामुळेच त्या टिकल्या. नात म्हणाली, "म्हणजे त्यांना आवडायची भुतं." मी उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही पहिल्या सीझनचा सातवा भाग पाहिला. ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. लांब केसांची, लाल कपड्यांतली, सतत नाचत फिरणारी एक भयंकर बाई त्यांच्या मागे लागलेली असते. शाळेतल्या एका मुलीला ती आपली मुलगी म्हणते. मग तिची हकिकत उलगडते. एकटी आई, मुलीला वाढवण्यासाठी काय काय करून दमलेली, कर्ज झालेलं, वसुलीवाले येतात आणि मुलीलाच उचलून नेतात. ती त्यांच्या गाडीमागे धावते. त्यानंतर ती भूत होते. टर्बो आजीबद्दलही सेइको असंच काही सांगते, की ज्या जागी पोरी अन्यायाने मेल्या त्या जागी ती जाते, त्यांच्या आत्म्यांची समजूत घालायला. दुसऱ्या सीझनमधलं भूत तर बळी देण्यासाठी कोंडून ठेवलेलं एक लहान पोरच. या मालिकेत भूत आधी घाबरवतं, मग हसवतं, आणि शेवटी विचारतं की मला असं कोणी केलं.

तो भाग संपल्यावर मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो.

मंडळी, आमच्या घराच्या परसात, गडग्यापलीकडे एक पिंपळ होता. माझी आजी, आम्ही तिला माई म्हणायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री पडवीत कंदिलाशी बसून त्यावरच्या मुंजाची गोष्ट सांगायची. तिचा मुंजा वाईट नव्हता. त्याला खेळायला गडी लागायचा. तिन्हीसांजेला पिंपळाकडे जायचंच झालं तर "मी आलो रे" अशी हाक द्यायची, म्हणजे तो दचकत नाही. शनिवारी माई गडग्यावर द्रोणात गूळपोहे ठेवायची.

मी चौदा वर्षांचा होतो. विज्ञानाची पुस्तकं वाचून डोकं तापलेलं. एका अमावास्येला मी पिंपळाखाली रात्रभर बसलो. सकाळी पडवीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "तिथे कोणी नाही. काही नाही तिथे." चुलत्यांनी पाठ थोपटली. माई "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिने ती गोष्ट कधी सांगितली नाही. गडग्यावर द्रोणही दिसला नाही. १९६९ साली ती गेली. पुढे कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला, आत्याने सहज बोलता बोलता सांगितलं की माईचा पहिला मुलगा आठव्या वर्षी मुंज झाली त्याच पावसाळ्यात तापाने गेला. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे.

पिंपळावर कोणी नव्हतं, हे मी आजही तितक्याच खात्रीने सांगेन. माझं निरीक्षण चुकलं नव्हतं.

ही गोष्ट मी नातीला यंदा सांगितली. दुसरा सीझन आम्ही मी पुण्यात आणि ती इथे, असा फोन चालू ठेवून बघितला. साडेतीन तासांचा फरक, त्यामुळे माझी संध्याकाळ आणि तिची रात्र. भाग सुरू व्हायच्या आधी मी वहीत लिहून काढलेलं वाचायला लागलो, चांगलं ग्रांथिक मराठी. तिने अडवलं. "वाचू नका आबा, नुसतं सांगा." नंतर आठवलं की लाफ्कादिओ हर्न, म्हणजे एनएचकेवर सकाळी 'बाकेबाके'मधून ज्यांची गोष्ट दाखवली गेली तेच कोइझुमी याकुमो, आपल्या बायकोला हेच म्हणत. पुस्तक बाजूला ठेव आणि तुझ्या शब्दांत सांग. सेत्सुने सांगितलेल्या अशा गोष्टींमधूनच १९०४ चं 'क्वाइदान' आलं. असो. मी वही मिटली. 'गडगा' म्हणजे काय, 'मुंज' म्हणजे काय, द्रोण कशाचा असतो, हे सगळं सांगत सांगत गोष्टीला पाऊण तास लागला. मध्ये तिच्या मागे कोणीतरी येऊन बसल्याचं दिसलं. माझा मुलगा होता. त्याला ती गोष्ट मी त्याच्या वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सांगत होतो.

'दानदादान'मध्येही लहानपणी मोमोने आजीने शिकवलेला एक तोडगा वर्गात करून दाखवलेला असतो. पोरं हसतात आणि ती रागावते ती पोरांवर नाही, आजीवर. तरुण वाचकांनो, तुमच्या डब्यातली भाजी, तुमच्या आजीचा फोनवरचा मोठा आवाज आणि ट्रेनमधल्या लोकांच्या नजरा, यांबद्दल मी बोलत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी फक्त एवढंच सांगतो की हसणाऱ्या पोरांच्या बाजूने मी बरीच वर्षं बसलो होतो.

गोष्ट संपल्यावर नातीने एकच प्रश्न विचारला. "त्या मुलाचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावी चुलत भावाला फोन केला, तो ब्याऐंशीचा आहे. त्यालाही माहीत नाही. आत्या आता नाही. पिंपळ आहे का विचारलं, तर म्हणाला, आहे, पण गडगा पडला.

रात्री नातीला तसं कळवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, डिसेंबरात आपण भारतात येणार आहोत ना. राजापूर लांब आहे का?" मी म्हटलं, "पुण्याहून सात-आठ तास." "मग गूळपोहे कसे करतात ते आईला विचारून ठेवते," म्हणाली, आणि पुढचा भाग लावला.