नळीला भोकं कशाला?

मिनेसोटात शाळकरी मुलांचे ट्रॅप शूटिंगचे संघ असतात. मातीच्या तबकड्या फोडता फोडता मुलं हट्ट धरतात, 'पोर्टेड' बंदूक हवी! म्हणजे नळीच्या तोंडाशी बारीक भोकं पाडलेली. त्यांतून वायू वर उसळतो आणि नळी थोडी कमी उचलली जाते, हे खरं. पण छऱ्याच्या बंदुकीत तिथवर वायूचा दाब बराच उतरलेला असतो. न्यूटनचा तिसरा नियम आठवा: छर्रे पुढे, बंदूक मागे. खांद्याचा धक्का मुख्यतः छऱ्यांचं वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचं वजन यांवर ठरतो. शिवाय शेजारच्या मुलाच्या कानांना आवाज जास्त. तेव्हा पालकांनो, आधी ७/८ औंसाची हलकी काडतुसं द्या, दस्ता मुलाच्या मापाचा करून घ्या. खांदाही वाचेल, पैसेही.