भुवयांचे गोंदण आणि एक फसवा शब्द

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या यौवनाचे वर्णन येते. त्यात तिच्या भुवयांच्या वाट्याला एक स्वतंत्र श्लोक आला आहे. त्या लांबसडक भुवया जणू काजळाच्या शलाकेने रेखल्या असाव्यात, अशी कल्पना कवी करतो, आणि त्या पाहून मदनाने आपल्या धनुष्याच्या सौंदर्याचा गर्व सोडून दिला, असे सांगतो. उत्प्रेक्षा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना ‘इव’, ‘जणू’, ‘गमे’ या खुणा दाखवतो. या श्लोकाचा प्राण अशाच एका ‘इव’मध्ये आहे. भुवया रेखलेल्या नाहीत, रेखल्यासारख्या आहेत. सौंदर्यप्रसाधनाच्या आजच्या बाजारात हा ‘जणू’ गळून पडला आहे. भुवया खरोखरच रेखून मिळतात, आणि त्या रेघा पुसल्या जात नाहीत.

या प्रकाराला ‘सेमी-पर्मनंट मेकअप’ म्हणतात. मायक्रोब्लेडिंग नावाच्या पद्धतीत बारीक सुया ओळीने बसवलेल्या एका हातअवजाराने त्वचेवर केसांसारख्या रेघा ओढतात आणि त्यांत रंग भरतात. दुसऱ्या पद्धतीत यंत्राच्या सुईने ठिपके टोचून पावडर लावल्यासारखी छटा आणतात. या पद्धतींच्या कौशल्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नावाविषयी. ‘सेमी-पर्मनंट’ म्हणजे अर्धे कायम. अर्धे कायम म्हणजे नेमके किती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला तरी पडायला हवा.

त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होत असतो. रंग तेवढ्यावरच राहिला असता, तर तो महिन्या-दीड महिन्यात मृत पेशींबरोबर गळून गेला असता. हा रंग मात्र एक ते तीन वर्षे, आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ दिसत राहतो. याचा अर्थ तो त्याखालच्या अंतस्त्वचेत, म्हणजे जिथे कोणतेही गोंदण असते तिथेच, पोहोचलेला असतो. तिथे शरीराच्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले, की अशी पेशी मेली तरी तिने सोडलेला रंग नव्याने आलेल्या पेशी उचलतात. पेशी बदलतात, गोंदण राहते. रंग फिका पडतो हे खरे, पण फिका पडणे म्हणजे जाणे नव्हे. शिवाय मिश्रणातील सगळी रंगद्रव्ये एकाच वेगाने फिकी होत नाहीत. त्यामुळे लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेला तपकिरी रंग पुढे लालसर उरू शकतो, आणि कार्बनचा काळा राखी-निळसर दिसू लागतो. ‘अर्धे कायम’ या शब्दाचा खरा अर्थ असा आहे: तुम्ही निवडलेला रंग जाईल, तुम्ही न निवडलेला राहील.

मराठीत या क्रियेसाठी आधीपासून एक प्रामाणिक शब्द आहे: गोंदवून घेणे. पार्लरमध्ये जाऊन आलेली मुलगी ‘आयब्रो करून आले’ म्हणते. त्या ‘करणे’त काही गंभीर नाही, कारण दोऱ्याने काढलेला केस पुन्हा येतो. ‘गोंदवून घेणे’ या प्रयोगात मात्र करणारा दुसरा आहे आणि परिणाम आपल्या अंगावर घेतला आहे, हे दोन्ही क्रियापदातच सांगितलेले आहे. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे आपल्याकडच्या बायका म्हणत आल्या. त्या समजुतीत कायमपणाची पुरती जाणीव होती. याचा अर्थ जुने ते सारे चांगले असा नव्हे. कपाळावरचे आणि हातावरचे ते हिरवे ठिपके पुष्कळदा अजाण वयातल्या मुलींना धरून टोचलेले असत. तिथे संमतीचा प्रश्न कुणी विचारत नव्हते. पण त्या काळात संमती नव्हती तरी शब्द खरा होता, आणि आज संमतीच्या कागदावर सही असते पण शब्द खोटा असतो. खोट्या शब्दावर दिलेल्या संमतीला किती किंमत द्यायची?

शब्द खरा वापरला, की योग्य प्रश्न आपोआप सुचतात. मेकअप करणाऱ्याला आपण ‘शोभेल का’ एवढेच विचारतो. गोंदणाऱ्याला विचारायचे ते वेगळे. सुई किंवा पाते माझ्यासमोर बंद वेष्टनातून काढणार का? रंगाच्या बाटलीवर घटक, गटक्रमांक आणि मुदत छापली आहे का? एक-दोन वर्षांनंतर तुमचे काम कसे दिसते, याची छायाचित्रे आहेत का? त्याच दिवशी काढलेले छायाचित्र काहीच सांगत नाही, कारण पहिल्या आठवड्यात रंग गडद असतो, मग खपली धरते, ती गळल्यावर तो एकदम पुसट वाटतो आणि महिन्याभराने स्थिरावतो. म्हणूनच चार ते आठ आठवड्यांनी दुसरी बैठक ठेवतात. तेलकट त्वचेवर बारीक रेघा पसरून एकमेकींत मिसळतात, हेही आधी सांगितले गेले पाहिजे. भिंतीवरचा गुमास्ता परवाना दुकान चालवण्याचा असतो, कातडी टोचण्याच्या कौशल्याचा नव्हे.

काही प्रश्न स्वतःलाही विचारायचे असतात. गरोदरपण, आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, जखमेचा वण फुगण्याची प्रवृत्ती, कोड, भुवयांजवळचा इसब, मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काही असेल, तर पार्लरआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पॅच टेस्ट अवश्य करावी. मात्र रंगाची ॲलर्जी काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही उद्भवते, म्हणून ती चाचणी म्हणजे हमी नव्हे. निर्जंतुक न केलेल्या सुईतून हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ पसरू शकतात. सुई नवी असली तरी रंग शुद्ध असेलच असे नाही: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गोंदणाच्या आणि कायम मेकअपच्या शाईंच्या ७५ नमुन्यांपैकी २६ नमुन्यांत जिवाणू आढळल्याचे २०२४ साली तिथल्या शासकीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले, त्यांत सीलबंद बाटल्याही होत्या. पुढे कधी एमआरआय करायचा झाल्यास तंत्रज्ञाला गोंदणाची कल्पना द्यावी. क्वचित जळजळ किंवा सूज येते. त्या भीतीने तपासणी मात्र टाळू नये. आणि ‘नाही आवडले तर लेझरने काढू’ हे आश्वासन तर फारच सावधपणे ऐकावे. लोहाची ऑक्साइडे आणि छटा उजळ करण्यासाठी घातलेला टायटॅनियम डायऑक्साइड लेझरखाली फिके होण्याऐवजी काळवंडू शकतात.

इतर देशांनी या गोष्टीला काय मानले, हेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली गोंदणे ही वैद्यकीय कृती ठरवली; डॉक्टरांखेरीज इतरांना ते करण्याची मुभा देणारा कायदा तिथल्या संसदेने २०२५ साली संमत केला. युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून गोंदणाच्या आणि कायम मेकअपच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. एक टोक फार कडक होते असे कुणी म्हणेल. पण दोन्ही ठिकाणी मेकअप हा शब्द कायद्याला फसवू शकला नाही, हे महत्त्वाचे.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भुवया म्हणजे केवळ नटवेपणा नव्हे. चाईमुळे किंवा केमोथेरपीमुळे ज्यांच्या भुवया गेल्या, त्यांना आरशात आपला चेहरा परका वाटतो. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवयांचे केस गळतात, आणि रोग बरा झाल्यावरही ती खूण माणसाला समाजाबाहेर ठेवत आली आहे. अशा व्यक्तीला कुणी दोन रेघा परत देत असेल, तर तिला ‘नैसर्गिक सौंदर्या’चे प्रवचन ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा होय. उलट, अशा व्यक्तीलाच खरा शब्द आणि खरी माहिती मिळण्याचा हक्क सर्वांत अधिक आहे. केमोथेरपी चालू असताना प्रतिकारशक्ती खालावलेली असते. अशा वेळी सुई टोचून घ्यायची, आधीच घ्यायची, की थांबायचे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचे आहे, पार्लरमधल्या जाहिरातीने नव्हे.

राहिला फॅशनचा मुद्दा. मूकपटांच्या काळात हॉलिवुडच्या नट्यांच्या भुवया दोऱ्याइतक्या बारीक होत्या. २०१०नंतरच्या दशकात त्या भरघोस झाल्या. हेइआन काळातील जपानी सरदारघराण्यांतल्या स्त्रिया तर खऱ्या भुवया उपटून कपाळावर उंच नव्या रंगवीत. त्या रंग धुऊन टाकू शकत होत्या. फॅशन दशकागणिक पालटते, आणि वयाबरोबर कपाळाची त्वचा खाली उतरते तेव्हा गोंदलेली रेघही तिच्याबरोबर उतरते.

नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत. उंचावणे, पाडणे, आठी घालणे अशा क्रियांच्या त्या यादीत शेवटची आहे ‘सहज’: भुवई आपल्या स्वाभाविक स्थितीत असणे. भरताने ‘सहज’ ही स्थितीही एक क्रियाच मानली. गोंदणाने भुवईचे हलणे थांबत नाही, स्नायू शाबूत असतात. बदलते ते तिचे ‘सहज’. ते एकदा ठरवले की जन्मभराचे, म्हणून ते कुणी ठरवावे हा प्रश्न लहान नाही. जिची भुवई, तिनेच तो निर्णय घ्यावा. पण ‘मी मेकअप करते आहे’ असे म्हणून नव्हे, ‘मी गोंदवून घेते आहे’ असे स्वतःशी एकदा मोठ्याने म्हणून. हे वाक्य उच्चारल्यावरही मन ठाम राहिले, तर खुशाल जावे.